गाडीच्या काळ्या पट्ट्या

गजूनं पिशवीतून रंगाचे डबे काढले आणि एकेक करून व्हरांड्याच्या कठड्यावर मांडले. बटण दाबलं की फवारा उडतो तसले डबे, काळ्या टोपणांचे. मग मास्किंग टेप, पॉलिश पेपर, थिनरची बाटली.

"बाबा, तुमची दिवाळी," तो म्हणाला आणि हसला.

ते हसू आठवलं की आजही माझी मूठ वळते. मधे इतकी वर्षं गेली, माझे केस पिकले, तरी.

बाबांनी पेपर खाली केला. "हे काय आणलंस?"

"गाडीसाठी. बंपर, दारांच्या पट्ट्या, आरसे, सगळं कसं पांढरं पडलंय बघा. आतून गाडी ठणठणीत आहे. दिसते मात्र म्हातारी."

"म्हातारी काहून? चंद्रपूरच्या उन्हात वीस वर्षं उभा राहून दाखव. तू कसा दिसतो ते पाहू मग."

पण त्यांनी एक डबा उचलला, कानाशी धरून हलवला. आतली गोळी खुळखुळली. चष्मा कपाळावर सरकवून ते डब्यावरची बारीक अक्षरं वाचू लागले. गजूनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. मला वाटलं, भावाला बापाची किती आठवण! मलाही बरं वाटलं होतं, हे सांगायला हवं.

बाबा कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज खाणीतलाच राहिला होता. घरात कुणी त्यांना काही सांगत नसे, तेच सगळ्यांना सांगत. गजू माझा धाकटा भाऊ, नागपूरला नोकरीला. मी वर्ध्याला शाळेत शिकवायची. भाऊबीज झाल्यावर माझे यजमान मुलांना घेऊन परतले आणि आईचे गुडघे दुखत होते म्हणून मी आठवडाभर माहेरी राहिले.

गाडी पांढरी, लहानशी. बाबांनी पगारातून घेतलेली पहिली आणि शेवटची. तिचा पत्रा बाबा इतका पुसत की त्यात तोंड दिसे, पण काळं प्लास्टिक कितीही पुसलं तरी राखेसारखं दिसायचं. कुणाचं लग्न असलं की बाबा आदल्या दिवशी त्यावर बूट पॉलिश घासत. एकदा ते आईच्या चांगल्या साडीच्या काठाला लागलं. ओरडा आईलाच बसला. "गाडीला खेटून काहून उभी राहिलीस?"

आईनं तो काठ रॉकेलनं पुसला. बोलली काही नाही.

"पुढच्या रविवारी मी येतोच," गजू निघताना म्हणाला. "तोवर करून टाका. ताई आहे मदतीला. आणि बाबा, आधी पॉलिश पेपर मारायला विसरू नका."

"मला शिकवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली घेतली. साबणाच्या पाण्यानं सगळे काळे भाग धुतले. वर्षानुवर्षांचं पॉलिश थिनरच्या बोळ्यानं काढलं, तेव्हा ते आणखीच बापुडं दिसायला लागलं. मग आम्ही दोघं घासत बसलो, मी बंपरपाशी, ते दारापाशी. माझी नखं काळी झाली.

टेप लावताना भांडण झालं. पट्टी आणि पांढरा पत्रा यांच्या मधल्या रेषेवर टेप बरोबर बसायला हवी होती. माझी जरा वाकडी गेली.

"डोळे आहेत का बटनं? ही काय रेघ झाली? काढ. काढ ती!"

मी टेपचं रीळ मातीत टाकलं. "मी तुमच्या हाताखालचा खाणीतला खलाशी नाही, बाबा. मुख्याध्यापिका आहे मी. स्वतः लावा."

आई दारात उभी होती, ती घाबरून आत गेली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते एकदम हसले, मोठ्यानं, पोट हलवत.

"खलाशी बरे होते," ते म्हणाले. "ते उलटून बोलत नव्हते." त्यांनी वाकून रीळ उचललं, फुंकर मारून माती उडवली आणि माझ्या हातात दिलं. "लाव बेटा. तुझी रेघ माझ्यापेक्षा बरी आहे."

असं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग ते दिवस चांगले गेले. वर्तमानपत्राचे कागद लावून गाडी सगळी झाकली, नुसते काळे भाग उघडे ठेवले. आधी प्रायमर, मग काळा. बाबा डबा हलवत आणि हात सरळ रेषेत नेत फवारा मारत. पातळ थर, मग वाळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई केली तर ओघळ येतो, हे त्यांनी पहिल्याच आरशावर शिकून घेतलं. ओघळ पुन्हा घासून काढला आणि मला ताकीद दिली, "गजूला सांगू नको."

रस्त्यानं जाणारे थांबायचे. समोरचे लोणारे म्हणाले, "काय बाप्पा, नवीन गाडी घेतली का?" बाबांनी त्यांना फाटकाच्या आत बोलावून सगळी पद्धत समजावली. जेवताना तेच. झोपण्याआधी एकदा बॅटरी घेऊन अंगणात चक्कर.

एक गोष्ट मला खटकली. उजव्या दाराची पट्टी मागच्या टोकाला तशीच राखाडी राहिली होती.

"बाबा, इथं राहिलं."

"कुठं?" त्यांनी नुसती मान वळवली नाही, सगळं अंग वळवलं. बराच वेळ शोधलं. "हां. उजेड नाही तिथं."

उजेड होता. पण तेव्हा मी त्यावर विचार केला नाही.

शुक्रवारी त्यांनी टेप काढली, तिरपी, हळूहळू, श्वास रोखून. खालून पांढऱ्याकाळ्याची स्वच्छ रेषा निघाली. ते चार पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. आईला हाक मारली. "बघ! सोमवारी मार्कंड्याच्या देवळात जाऊ. तू म्हणत होतीस ना? सकाळी निघू, डबा घेऊन."

आई गाडीकडे बघत राहिली. "बघू," एवढं बोलून आत गेली.

"काय झालं हिला?" बाबा म्हणाले. मी आत गेले तर आई कणीक मळत होती. डोळे पुसायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "रंगाचा वास सहन नाही होत."

रविवारी गजू आला. बरोबर त्याच्याच वयाचा एक माणूस होता, ढवळे नावाचा.

"माझे मित्र आहेत," गजू म्हणाला. "म्हटलं, बाबांची कारागिरी दाखवू."

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी ढवळ्यांना गाडीभोवती फिरवलं. पॉलिश पेपर ओला करून का घासायचा, दोन थरांमध्ये का थांबायचं, सगळं सांगितलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही आमची टेपवाली." ढवळे मन लावून ऐकत होता. भला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं दार उघडून पाहिलं, बॉनेट उचलायला लावलं, खाली वाकून सायलेन्सर पाहिला. मला वाटलं, कौतुक करतोय.

मग तो हात झटकत म्हणाला, "काका, गाडी एकदम मस्त ठेवली आहे तुम्ही. चाव्या दोन आहेत ना?"

"दोन आहेत की. कशासाठी?"

"नाही, घेताना विचारलेलं बरं. नंतर दुसरी बनवायला फार त्रास होतो."

बाबा हसतच होते. त्यांना समजायला वेळ लागला, आणि त्या वेळात ते हसतच राहिले. ते पाहायला नको होतं मला.

"घेताना म्हणजे?"

ढवळ्यानं गजूकडे पाहिलं. "गजाननभाऊ, तुम्ही तर म्हणाला होता की काकांनी ठरवलं आहे."

"बाबा, आपण आत बसून बोलू," गजू म्हणाला.

बाबा शांतपणे म्हणाले, "करुणा, पाहुण्यांना पाणी आण."

मी स्वयंपाकघरात गेले, मागोमाग गजू आला. मी वळून त्याचा दंड धरला. "काय चाललंय हे?"

"हळू बोल, ताई. दुसरा काही रस्ता होता का? एकट्यानं सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. पाहुण्यासमोर बाबा नाही म्हणत नाहीत."

"म्हणून पाहुणा आणलास?"

"दसऱ्यापासून प्रयत्न करतोय. फोटो बघूनच लोक नको म्हणायचे, इतकी पांढरी पडली होती. बाहेर रंगवायला दिली असती तर बाबांनी कारण विचारलं असतं. आणि वेळही जाणार होता त्यांचा चांगला." तो पुन्हा हसला, अगदी दिवाळीच्या दिवशीचं हसू. "गेला ना?"

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की तिलाही ठाऊक होतं. घरात दोनच माणसांना ठाऊक नव्हतं, आणि ती दोघं आठवडाभर अंगणात बसून घासत होती.

माझ्या हातातला तांब्या मी कुठं ठेवला आठवत नाही. मी तरातरा अंगणात गेले. "ढवळे, गाडी विकायची नाही. तुम्हाला खोटं सांगून आणलंय. तुम्ही जा."

"करुणा!" बाबांचा खाणीतला आवाज आला. "घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"बाबा, गजूनं तुम्हाला फसवलं आहे!"

ते माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एकट्या गजूनं? टेप कोण लावत होतं?"

मला सगळं एकदम बोलायचं होतं, की मला ठाऊक नव्हतं, की मी तुमच्याइतकीच मूर्ख ठरले. पण ते वळले होते. माझ्यामागून बाहेर आलेल्या गजूकडे मी पाहिलं. त्यानं नुसतं एवढं म्हणायचं होतं, ताईला माहीत नव्हतं. तीन शब्द. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिला.

बाबांनी ढवळ्याला चहा पाजला. गाडीबद्दल सगळं सांगितलं. डावीकडचं मागचं दार पावसाळ्यात अडकतं, थंडीत दुसरा गिअर जरा जोर लावून टाकावा लागतो. ढवळे बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, तुमचं मन नसेल तर राहू द्या." बाबा म्हणाले, "तुम्ही लांबून आलात. न्या. कागदांचं मुलगा बघेल." त्यांनी खुंटीवरून एक चावी काढली, कपाटातून दुसरी काढली आणि दोन्ही त्याच्या हातात ठेवल्या.

गाडी फाटकातून बाहेर निघाली तेव्हा बाबा मागोमाग गेले आणि काचेवर टकटक केली. ढवळ्यानं काच खाली घेतली.

"रंग कच्चा आहे अजून. आठवडाभर पाणी जोरात मारू नका."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. कडुनिंबाखाली जमिनीवर काळ्या फवाऱ्याचे ठिपके तेवढे होते. गजूनं जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. कुठं जायचं झालं तर मी आहे, टॅक्सी आहे."

बाबांनी तो हात काढून खाली सोडला.

"विकायची होती तर विकायची," ते म्हणाले. "मला रंगवायला कशाला लावलंस?"

"अहो, पण तुम्हालाच किती आनंद झाला! ताईला विचारा. आठवडाभर तुम्ही किती खूश होता."

"तेच म्हणतोय मी."

गजूला ते कळलं नाही. आजही कळलेलं नाही. तो माझ्याकडे वळला. "ताई, तू तरी सांग यांना."

मी कठड्यावरचे रिकामे डबे उचलले आणि एकेक करून फाटकावर फेकले. पत्र्यावर पत्रा आदळत होता. शेजारी दारं उघडत होती. "नीघ," मी ओरडले. "नीघ इथून. तुझ्यासाठी भाऊबीजेचं ताट यापुढं मी मांडायची नाही!"

"मी काय माझ्यासाठी केलं?" गजूही ओरडला. "उद्या कुणाच्या अंगावर गाडी घातली असती तर? आई रोज फोनवर रडते, ते तुम्हाला माहीत आहे का?"

बाबा आईकडे वळले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"काय रडतेस तू फोनवर?"

आईचे ओठ हलत होते. माझ्या आयुष्यात मी तिला बाबांसमोर मान वर करून बोलताना पाहिलं नव्हतं. आवाज फुटला तो किंचाळल्यासारखा.

"त्याला काय बोलता? मीच सांगितलं त्याला! मला भीती वाटते तुमच्या शेजारी बसायची. तुम्हाला उजवीकडचं दिसत नाही. त्या दूधवाल्याला पाडलंत तेव्हा त्याचं सगळं दूध रस्त्यावर गेलं, आणि वर तुम्हीच त्याला शिव्या दिल्या. तो उठेपर्यंत माझा जीव माझ्यात नव्हता. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर म्हणालात, तोंड बंद ठेव. ठेवलं. घरी येईपर्यंत ठेवलं, मग मुलाला फोन केला. आणखी काय करायचं होतं मी?"

"मला सांगायचं होतं."

"तुम्हाला?" आई म्हणाली. "तुम्हाला कधी कोणी काही सांगितलं आहे?"

बाबा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. हातांकडे बघत बसले. बोटांच्या पेरांमध्ये काळा रंग अजून तसाच होता. गजू न जेवता गेला. त्याच्यामागे फाटकापर्यंत कुणी गेलं नाही.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं की बाबांच्या दोन्ही डोळ्यांची उजव्या बाजूची नजर कमी होत चालली होती. म्हणजे गाडी विकणं बरोबरच होतं. गजू हे दर वेळी ऐकवतो. सगळे नातेवाईक मान डोलावतात, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मी एका जुन्या गाडीसाठी सख्ख्या भावाशी अबोला धरला आहे. मी त्यांना समजावायला जात नाही. एका माणसाला त्याच्याच हातानं, त्याला हसवून, खूश करून त्याची वस्तू विकायला तयार करून घ्यायची, आणि मधे मी अडकले तेव्हा मोबाईलमध्ये बघायचं. याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

सोमवारी सकाळी मी वर्ध्याला निघाले. दर वेळी बाबा गाडीनं सोडायला येत. त्या दिवशी त्यांनी माझी बॅग उचलली आणि चालू लागले. मी रिक्षा बोलवते म्हटलं तर ऐकलं नाही. रस्ता ओलांडताना ते थांबले, सगळं अंग वळवून उजवीकडे पाहिलं, मग निघाले.

बस लागायची होती. बाकावर बसल्यावर ते समोर बघत म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"नाही."

"खरं?"

"बाबा, तुमच्या गळ्याशपथ."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. बस आली. बॅग त्यांनीच चढवली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीखाली उभे राहिले. त्यांचे डोळे लाल दिसत होते.

"झोपला नाहीत का रात्री?" मी विचारलं.

"तुझ्या आईला विचारलं काल," ते म्हणाले, "म्हटलं, इतक्या वर्षांत आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मग?"

"पहाटेपर्यंत सांगत होती," बाबा म्हणाले.